बिननावाची दोन झाडं

झाडीपट्टीच्या माणसाले झाडं कळतात म्हणता ना, मग आमच्या तिरोड्याच्या कॉलनीचं ऐका. बागेतली दोन जुनी झाडं तोडा म्हणून बिसेनभाऊ हटून बसले होते. वादळात एक फांदी त्यांच्या टिनाच्या छपरावर पडली होती, म्हणून त्या झाडांखाली बसणारे आम्ही सावलीवाले दबूनच बोलत होतो.

नगर परिषदेचा माणूस पाहायला आला आणि त्यानं विचारलं, "झाडं कशाची आहेत?"

एक जण म्हणाला शिवण, दुसरा म्हणाला कळंब.

"कळंब कुठून आला? पान पाह्य ना," म्हणून बिसेनभाऊंनी त्यालाच झापलं. पण नाव त्यांनाही सांगता येईना.

तो माणूस म्हणाला, "नावच नाही तर परवानगी कशाची देऊ? फुलावर आली की बोलवा."

तेव्हापासून बिसेनभाऊ रोज सकाळी मान वर करून झाडाखाली उभे. एक दिवस त्यांनीच हाका मारून सगळ्यांना बोलावलं. शेंड्याला पांढरट झुपके आले होते. इतकी वर्षं आम्ही खाली बसलो, पण वर कोणी पाहिलंच नव्हतं.

मी हळूच विचारलं, "बोलवायचं का जी आता नगर परिषदवाल्याले?"

"काऊन?" ते माझ्यावरच खेकसले. "फळ कसं लागते ते तं पाहू दे."