अनसाबाईच्या ओसरीवरचे पांडव

मंडळी, ऐका! टाळ जरा थांबवा. मृदंगवाले, तुम्हीही हात आवरा, मी इकडे बोलतोय आणि तुम्ही तिकडे कुटताय! आज प्रश्न अवघड आहे. समजा — समजा हं! — एखाद्याला घरबसल्या देव दिसतोय. आणि डॉक्टर म्हणतात, डोळ्यांवर इलाज करू, पण मग देव दिसायचा नाही. तर त्यानं काय घ्यावं? डोळे की देव? बोला! आता का गप्प? प्रसादाच्या वेळी बरे सगळे एका सुरात बोलता!

कळकवाडीत अनसाबाई नावाची म्हातारी होती. मुलगा हणमंत, सून मंदा आणि अडीच वर्षांची नात रेवा. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जग म्हणजे नुसतं ताक! वर पांढरं, खाली पांढरं, दाराकडे जरा उजळ पांढरं. घराला लागून पिठाची गिरणी, ती दिवसभर घूंऽऽऽ! ओसरीवर पाट टाकून अनसाबाई बसायची. डोळ्यांपुढे ताक, कानात घूं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दुसरं काही नाही.

एके दिवशी त्या ताकातून पाच पोरं वर आली! हिरवे फेटे, पिवळे सदरे, ओळीनं मांडी घालून बसलेली. आणि दिसायला कशी? लख्ख! सुनेचं तोंड दिसत नव्हतं, पण त्या पोरांच्या सदऱ्याची बटणं दिसत होती! अनसाबाई आधी घाबरली. मग तिला वाटलं, पोरं उपाशी असतील. तिनं हाक मारली, "मंदे, पाच भाकरी आन गं! पोरं बसल्यात."

मंदा बाहेर आली. ओसरीवर एक कोंबडी!

तेवढ्यात गिरणीवर दळणाचा डबा घेऊन आले होते महिपतराव. हे कोण? देवस्थान समितीचे अध्यक्ष! यांचं एक जुनं दुखणं होतं. शेजारच्या गावात गरम पाण्याचा झरा, त्याच्या पलीकडच्या गावात स्वयंभू पिंड, आणि कळकवाडीत काय? गिरणी!

"किती पोरं म्हणालीस?" महिपतरावांनी विचारलं.

"पाच."

"पाच! अगं, पांडव आल्यात तुझ्या ओसरीवर!"

"कसलं पांडव? एकाच्या नाकाला शेंबूड हाय."

"बालरूपात हायेत ते!"

"आन् एकाच्या हातात लाटनं हाय."

"गदा ती, गदा!"

झालं की हो! आठ दिवसांत अनसाबाईच्या पाटाला झेंडूची माळ, मागे फलक, पुढे रांग. लोक पाया पडतात, विचारतात, "आई, धर्मराज काय म्हनत्यात?" ती म्हणायची, "काय न्हाई बाबा, गप बसल्यात." लोक म्हणायचे, वा! मौन! केवढा अर्थ आहे!

आता एक गंमत. शुक्रवारी वीज जायची. गिरणी बंद. आणि मंडळी, त्या दिवशी पांडवांचा पत्ता नसायचा! आता मला सांगा, पांडवांना थ्री फेज लागते? पण विचारणार कोण? महिपतरावांनी जाहीर करून टाकलं, शुक्रवारी पांडव द्रौपदीला भेटायला जातात! हसताय काय? तिथे लोकांनी हात जोडले होते. पुढच्या रांगेतले काका, तुम्हीही असता तर जोडले असते!

पण अनसाबाईचं काय चाललं होतं, ते कुणाला ठाऊक? पाया पडायला दोन-अडीचशे माणसं, पण हाताला धरून मोरीपर्यंत न्यायला एक मंदा! तव्याला हात लागून भाजायचा, उंबऱ्याला ठेच लागायची. आणि पोटात एक भीती: मला येड तर लागलं न्हाई? विचारायचं कुणाला? देवीनं कुणाला विचारायचं, बाई मी वेडी झाले का? नात मांडीवर यायची, तेव्हा ती बोटांनी तिचे कान चाचपायची, जावळ चाचपायची. पोर जन्मल्यापासून तिचं तोंड काही दिसलं नव्हतं.

अशात तालुक्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. मंदानं सासूला उठवलं आणि एसटीत घातलं. डॉक्टर शेवडेबाईंनी मंदाकडून पाच पोरांचं आणि गिरणीचं ऐकून घेतलं, मग बॅटरी मारून पाहिलं. "आजी, दोन्ही पिकलेत. आणखी थांबलात तर डोळ्यांतला दाब वाढेल आणि कायमचा अंधार होईल. आज दाखल व्हा, उद्या एक डोळा करू."

आणि मागून जीप! महिपतराव, समिती, आणि तोंड पाडून हणमंत. "आपरेशन होनार न्हाई!" महिपतराव गरजले. "पुढच्या सोमवारी पांडव दर्शन सोहळा हाय. पत्रिका छापल्यात. पांडव वनवासाला गेलं तर जबाबदार कोन?"

हणमंत म्हणाला, "आई, तूच ठरीव." हे वाक्य मुलगे फार नम्रपणे म्हणतात, मंडळी! अर्थ एवढाच, की मला भांडण नको.

अनसाबाईला वाटलं, देव आपण होऊन दारात आले, त्यांना हाकलायचं कसं? पाप लागलं आणि ते नातीला भोवलं तर? ती बाकाला धरून हळूच म्हणाली, "डाक्टरीनबाई, मला येड लागलंय का वो?"

"अजिबात नाही!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदू म्हणजे वर्तमानपत्रवाला. डोळे-कान त्याला बातम्या आणून देतात. दिवसभर एकच पांढरं आणि एकच घूं आलं, तर बातमी नाही. पण अंक तर काढायचाय! मग तो घरातच बातमी तयार करतो."

आपल्याकडे काहीजण डोळे धडधाकट असून हा उद्योग करतात, पण ते राहू द्या.

महिपतराव म्हणाले, "असं चांगल्या डोळ्याच्या मानसाला दिसंल का?"

"झोपा या बाकावर!"

आता माघार कशी घेणार? झोपले! बाईंनी शाळेचा टेबल टेनिसचा चेंडू कापला आणि दोन अर्ध्या वाट्या डोळ्यांवर चिकटवल्या. वर लाल दिवा. कानाशी रेडिओ, स्टेशन न लावलेला, नुसती खर्रर्र! डोळे उघडे ठेवा आणि दिसेल ते बोला.

पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं झाली. महिपतराव म्हणाले, "धुकं हाय... ठिणग्या उडत्यात..." सगळे कान टवकारून! "काय तरी येतंय... शिंगं... बैल हाय! आयला, चष्मा घातलाय त्यानं! पेपर वाचतोय... पान उलटलं!"

हसून हसून शिबिरातले पेशंट बाकावरून घसरले! मंदानं पदर तोंडाला लावून विचारलं, "अध्यक्ष, बैलाचा सोहळा कुठल्या सोमवारी धरायचा?"

आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? अनसाबाई! अहो, इतक्या दिवसांची भीती होती, ती हसण्यातून बाहेर पडली. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पांडव खरं असतील तर म्हातारीवर रुसायचं न्हाईत. आन् खोटं असतील तर रुसून जातील कुठं? मला माझी नात बघायची हाय. घ्या मला आत!"

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. पांडव नाहीत, ताक नाही. समोर एक सावळी पोर, हणमंतानं घरून आणलेली, बोट चोखत उभी. अनसाबाईनं तिला ओढून घेतलं, डोळे भरून पाहिलं, कपाळावरचे केस मागे सारले, आणि एकदम थांबली. भुवईच्या वर बोटभर लांब व्रण होता. कपाळावरच्या केसांखाली होता, तिच्या बोटांना कधी लागलाच नव्हता.

"मंदे, ह्ये काय लागलंय हिला?"

मंदा खाली बघू लागली. "आत्याबाई, पडली होती ती. पोळ्याच्या दिवशी. तुमच्या पाटाच्या कोपऱ्यावरच. मी विहिरीवर होते. तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही."

अनसाबाईचा चेहरा उतरला. "म्या ऐकलं हुतं गं रडनं," ती म्हणाली. "किती येळ रडत हुतं पोर! म्या इचारलं, कोन रडतंय? अध्यक्ष म्हनलं, नकुळ-सहदेव रडत्यात, नारळ फोडा. आन् नारळ फोडला गं! ह्या हातानं फोडला!"

मंडळी, आता का हसत नाही?

पोर तिथंच, हाताच्या अंतरावर, रक्तानं भरलेली. अडीचशे माणसं, सगळ्यांचे डोळे चांगले. एकानं खाली पाहिलं नाही! मोतीबिंदू नक्की कुणाला झाला होता?

तुम्ही इथे हात जोडून बसलात, फार छान. पण आजची आरती जरा लवकर आटपतो. घरी जा. तुमच्याही ओसरीवर कुणी बसलं असेल. त्यांच्या पाया नंतर पडा. आधी जवळ बसा, आणि एवढंच विचारा, "आई, तुला दिसतं का गं?"