सुलभासाठी आणलेली जाड तार

बेस गिटारची तार मी एकदाच बदलली, तीही सुलभासाठी. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या ऑर्केस्ट्रात ती गायची. आवाज खर्जातला. तिच्यासाठी गिटार दोन सूर उतरवली की सगळ्यात खालची तार सैल पडून नुसती फडफडायची.

“याहून जाड तार मिळत न्हाय का?” तिनं विचारलं.

मी मुंबईहून मागवली. दीड महिन्यानं आली. तालमीत त्या तारेचा सूर घुमला, तशी सुलभा डोळे मिटून अख्खं गाणं गायली.

मग म्हणाली, “लई छान लागलीय की. पण माझं लग्न ठरलंय, माळशिरसला. तितं गाणं चालणार न्हाय.”

पुढं उंच आवाजाची गायिका आली. सगळे म्हणाले, “गिटार वर चढव.”

“जाड तार ताणली तर दांडी वाकेल,” मी म्हणालो.

जुनी, बारीक तार माझ्या खिशातच होती. ती मी बाहेर काढली नाही.