डोळे विमानानं जातात

(पेणजवळचं खाडीकाठचं एक गाव, दुपार. निलेश गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. तो आत्ताच इंदूरहून परतलाय. आई ठमाबाई आणि बायको दिपिका त्याला जेवायला वाढून समोर बसल्यात.)

निलेश : मी विमान सोडलं. शेटना फोन करून सांगून टाकलं, आता आपण फिरणार नाय.

दिपिका : खरंच सांगितलंस?

निलेश : काय?

दिपिका : आत्ता बोललास ते.

निलेश : मी कुठं काय बोललो? वांग्यात जवळा टाकलाय का गो?

दिपिका : आई, हा मनातलंच बडबडतो, यानं शेटना कायपण सांगितलेलं नाय. परवा नागपूरचं तिकीट हाय, माझ्या मोबाइलवर आलंय.

ठमाबाई : तो शेट तुला मूर्तीसंगं ट्रकनं का नाय धाडत?

निलेश : मूर्ती ट्रकनं जाते, डोळे विमानानं जातात. गावोगाव बिनडोळ्यांचे गणपती उभे हायत आणि आखणीवाला मी एकलाच.

ठमाबाई : मग जेव की. ताटाकडं बघत काय बसलास?

निलेश : व्हेज की नॉनव्हेज, कोणी विचारलंच नाय.

दिपिका : बघा. मागल्या खेपेला रोह्याला माझ्या माहेरी, पंगतीत मागे टेकायच्या आधी यानं मागच्या माणसाची परवानगी काढली. मागे भिंत होती.

निलेश : विचारलेलं बरं असतं.

दिपिका : झोपतो खुर्चीत, कमरेला माझी ओढणी बांधून. आणि ऑक्सिजनचं सांग आईंना.

निलेश : त्यात काय नाय.

दिपिका : विमान उडालं तसा यानं श्वास धरला, तो सोडलाच नाय. हा जांभळा पडला. ती विमानातली बाई ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन धावली.

निलेश : बाई भली होती. आडनाव विचारत होती. मला आठवंना.

ठमाबाई : श्वास कशाला धरलास पण?

निलेश : कामाची सवय. पापणीची रेघ ओढताना श्वास धरायचा, नायतर हात हलतो. विमान थरथरलं की अंगाला वाटतं, रेघ चाललीय.

ठमाबाई : आणि हात?

दिपिका : तो आता जमिनीवरपण हलतो. हा बघा मोबाइलवर इंदूरचा गणपती.

ठमाबाई : अगो बाय. यो तर घाबरलाय.

निलेश : मंडळवाले खूश हायत. म्हणाले, आमची काळजी वाटणारा देव पहिल्यांदा बघितला. पुढच्या वर्षी तसेच दोन सांगितलेत.

ठमाबाई : तुला आवडला?

निलेश : नाय. ते डोळे माझे हायत, आई. देवाचे कसे असतात ते हात विसरत चाललाय. हातच गेला तर मग मी कोण?

ठमाबाई : जेव आधी. मला सांग, रेघ संपली की काय करतोस?

निलेश : श्वास सोडतो.

ठमाबाई : मग विमानात रेघ ओढ की. ओढलीच नाय तर संपंल कशी?

निलेश : ओढू कशावर?

दिपिका : पुढच्या खिशात ती ओकायची पिशवी असते ना? कागदाची, पांढरी.

निलेश : तिच्यावर देवाचे डोळे?

ठमाबाई : देवाचे नको. शेटचे काढ.

निलेश : बाजूचा माणूस काय म्हणंल?

दिपिका : त्याचे पण काढ.

निलेश : एक रेघ, एक श्वास. नागपूरपर्यंत पिशव्या पुरतील म्हणा. पण मध्येच विमान उसळलं तर?

ठमाबाई : दिपिका, त्या विमानवाल्यांना मोबाइलवरनं लिवता येतं ना?

दिपिका : येतं. काय लिहू?

ठमाबाई : मी सांगते, तू साहेब लोकांच्या भाषेत घाल.

दिपिका : थांबा... हां. ऐका. ‘माननीय महोदय, अर्जदार ठमाबाई यांचा मुलगा परवा आपल्या विमानाने नागपूरला जात आहे. तरी त्याची रेघ पुरी होईपर्यंत सदर विमान हलवू नये, ही नम्र विनंती.’