चौथ्याच्या खाली गट नाही

...नाही, पण मला एक सांगा, जिंकलेला सामना इतका वाईट जिंकता येतो का हो माणसाला? नाही ना? आम्ही जिंकलो! दोन-शून्य पुढे होतो, दोन-एक जिंकलो, आणि त्या एका एकानं माझ्या आयुष्याची माती केली. आणि केली कोणी? शत्रूनं नाही, पंचानं नाही, माझ्या गुडघ्यानंसुद्धा नाही... सासऱ्यानं!

तुम्हाला सांगतो, डेव्हिस कप म्हटलं की लोकांना ते टीव्हीवरचं दिसतं, निळं कोर्ट, दिवे, माणसंच माणसं... अहो, ते वरचं! त्याच्या खाली पहिला गट, त्याच्या खाली दुसरा, मग आफ्रिकेचा तिसरा, आणि तिसऱ्याच्याही खाली, जिथं उजेडसुद्धा विचारून येतो, तिथं आफ्रिकेचा चौथा. तिथं आम्ही. मलावी! आठवडाभर सगळे देश एका गावात कोंबतात, तीन-तीनच्या दोन तुकड्या पाडतात, सकाळी ज्याच्या शेजारी बसून चहा प्यायचा त्यालाच दुपारी हरवायचं, आणि तुकडीत जो पहिला येईल तो वर. वर म्हणजे कुठं? तिसऱ्यात! लोक विंबल्डनची स्वप्नं बघतात, मी तिसऱ्या गटाची बघत होतो. हसू नका. वर्षानुवर्षं बघत होतो, डोक्यावरचे केस गेले त्यात. एकदा, फक्त एकदा तिसऱ्या गटात खेळायचं आणि रॅकेट खुंटीला टांगायची, एवढंच मागणं होतं माझं. फार झालं का हो ते?

आता आमचे कप्तान, खेळाडूंच्या यादीतही स्वतःचं नाव घातलेले. श्रीयुत काफुलाफुला. पन्नाशीला टेकलेले, पोट आधी कोर्टवर येतं, मग ते. आणि तेच माझे सासरे. घोळ इथंच आहे. आमच्या थ्योलोकडे लग्न झालं की पोरगी सासरी जात नाही, पोरगा जातो. मी नांदतो! सासूच्या अंगणात माझं घर, सासऱ्याच्या मक्यात माझं खुरपं, आणि वर तोंड करून बोलायचं नाही. मामंजी आले की वाट सोडायची, मामंजी काही म्हणाले की म्हणायचं, "होय मामंजी." संपलं! बायकोकडे, म्हणजे एनेलेसकडे, गाऱ्हाणं नेलं तर ती म्हणते, "मग? घर कोणाच्या जमिनीवर बांधलंयस?" झालं, उचललं खुरपं!

तर या वेळी स्पर्धा आमच्याकडेच, ब्लांटायरला. शेवटचा सामना बेटावरून आलेल्या पोरांशी. पहिली एकेरी मी जिंकलो, कशी ते माझ्या गुडघ्याला विचारा, दुसरी आमच्या वाटिपासोनं जिंकली, पोरगं वाघासारखं खेळलं. राहिली दुहेरी. तेवढ्यात स्पर्धेचे साहेब स्वतः चालत आले आणि कप्तानांना म्हणाले, "तुमच्या तुकडीत तिन्ही देश बरोबरीत आहेत. आता प्रत्येक लढत मोजणार. दुहेरी जिंकलात तर तुम्ही वर, हरलात तर ते वर आणि तुम्ही तळाला." साध्या भाषेत सांगितलं हो! माझी सासूसुद्धा समजली असती.

मामंजी काय म्हणाले? "अहो साहेब, सामना आम्ही जिंकलाय. जिंकलेला पुन्हा काय जिंकायचा?"

आणि वाटिपासोच्या हातातली रॅकेट काढून घेतली! "तू बस बाळा, दमलास. मी उतरतो." का? तर थ्योलोहून दोन मिनीबस भरून मंडळी आलेली. सासूबाई, त्यांच्या चर्चच्या मंडळाच्या बायका, सगळ्या एका रंगाच्या गणवेशात, मांडीवर मांडासीची, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांची, टोपली. "फायसन," मला म्हणतात, "एवढ्या लांबून बायका आल्यात, त्यांनी काय मला बाकावर बसलेला बघायचा? आणि घाबरतोस कशाला, गेलं वरचं तर गेलं, चौथ्याच्या खाली गट नाही!"

मी काय म्हणणार? "होय मामंजी."

आता दुहेरी म्हणजे काय, तर ओरडणं! "माझा!", "सोड!", "मागे हो!" असं साथीदारावर खेकसल्याशिवाय दुहेरी होते का? पण जावयानं सासऱ्याला "सोड" म्हणायचं? सासू बघत असताना? "मागे व्हा मामंजी" म्हणायचं? उद्या माझी चूल अंगणाबाहेर! चेंडू यायचा मधोमध, दोघांच्या बरोब्बर मधे, माझ्या रॅकेटपासून हातभर, मी बघायचो मामंजींकडे, मामंजी बघायचे चेंडूकडे, असं मायेनं बघायचे, की घरचा कोंबडा जणू, आणि चेंडू टप्पा घेऊन जायचा निघून! ती बेटावरची पोरं काय आंधळी आहेत? दोन गेममधे त्यांना कळलं. मग काय, मधे, मधे, मधे! सगळे चेंडू मधे!

आणि बायका? त्यांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. मामंजींनी सर्व्हिस केली, चेंडू कुंपणावरून थेट रस्त्यावर... उलुलुलुलु! सगळ्या उठून उभ्या! "किती उंच मारला हो!" सासूबाई डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसतायत. पंच म्हणतोय, "शांतता राखा", मामंजी पंचाला म्हणतायत, "असू द्या हो, घरच्याच आहेत!" शेवटच्या पॉइंटला चेंडू पुन्हा मधे आला. माझा होता! माझ्या बापाची शपथ, माझा होता, डोळे मिटून मारला असता! तोंडापर्यंत आलं, "सोडाऽऽऽ..." आणि मी गिळलं. सवयीनं गिळलं हो. चेंडू पडला, लढत गेली, तिसरा गट गेला. आणि मामंजींनी माझा हात धरून उंच केला, बायकांकडे बघून! उलुलुलुलु!

वाटिपासो बाकावर टॉवेलमधे तोंड घालून रडत होता. मी त्याच्या शेजारी बसलो, पण मला रडूही येईना.

बरं, इथं थांबलं असतं तरी ठीक. दुसऱ्या दिवशी क्रमांक ठरवायचा सामना होता, पाचवे की शेवटचे. मी बूट बांधतोय, तर मामंजी आले. "फायसन, काढ ते. घरी बकरा कापलाय. तुझ्या सासूनं पहाटेपासून चूल पेटवलीय."

म्हटलं, "मामंजी, सामना आहे..."

"कसला सामना? पाचवे आलो काय, शेवटचे आलो काय, चौथ्याच्या खाली गट नाही! बकरा मात्र थंड होतो!"

सामना सोडला, गुडघा दुखतोय असं कळवलं साहेबांना. कोणाचा? माझा! खेळून दुखला नाही तेवढा त्या दिवशी न खेळता दुखला. मिनीबसमधे बसलो, थ्योलोला गेलो, चहाच्या मळ्यांतून गाणी म्हणत, मी सोडून सगळे. बकरा चांगला शिजला होता, त्याला नावं नाही ठेवणार. मामंजींनी जेवता जेवता आख्ख्या गावाला सांगितलं, "बेटवाल्यांना हरवलं आम्ही, दोन-एक!" एनेलेस माझ्या ताटात न्सिमा, आमचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वाढत हळूच म्हणाली, "तू का रे नाही मारलास मधला?" बघा! बापापुढे हूं नाही करायचं, ही तिची शिकवण, आणि वर हे!

मीही मग मनाला समजावलं. म्हटलं, होतं असं. पुढच्या वर्षी गुडघा धरून खेळू. आणखी खाली तर जाणार नाही ना? चौथ्याच्या खाली गट नाही. सासराच म्हणतो, खोटं कसं असेल?

परवा मक्यात खुरपत होतो. मामंजी बांधावरून हात हलवत, धावत... हो, धावत! कोर्टवर कधी धावले नाहीत ते!

"फायसन! अरे, कळवलंय त्यांनी! देश फार झाले, नवा गट काढलाय! पाचवा! चौथ्यातले शेवटचे त्यात, आपण त्यात!"

माझ्या हातातलं खुरपं पडलं.

"तोंड काय पाडतोस? आपल्याला तिथं पहिलं मानांकन आहे, पहिलं! आणि हे बघ, वाटिपासो म्हणतो मी नाही खेळणार, त्याला कुठली बँकेची नोकरी लागली. म्हणजे दुहेरीला आपण दोघंच, सगळ्या दिवशी! आणि घाबरू नकोस, पाचव्याच्या खाली गट नाही!"

मी त्यांच्याकडे बघितलं. मधोमध आला होता हो चेंडू, माझ्या हातभर अंतरावर. तोंडापर्यंत आलं होतं, सगळं, इतक्या वर्षांचं...

"होय मामंजी."