किरकोळ यादीतला एक पाय

आजच्या निरोपाच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या उपचार केंद्राच्या मोठ्या डॉक्टरबाई, त्यांच्या शेजारी बसलेल्या आपल्या व्यायामताई, पाहुणे म्हणून आलेले आणि मघापासून घड्याळाकडे बघणारे देणगीदार साहेब, समोर बसलेले डॉक्टर, नर्सबाई, इथे उपचार घेणारी माणसं आणि त्यांना धरून आणणारी त्यांची माणसं, दाराशी चहाची किटली घेऊन उभे असलेले आमचे वॉर्डभाऊ, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती इथे मंचावर बसलेली माझी नात भिंगरी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

भिंगरीचं कागदावरचं नाव वेगळं आहे. पण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरली नाही, म्हणून तिच्या आजोबांनी हे नाव ठेवलं. आता तर या केंद्रातले साहेबलोकसुद्धा तिला भिंगरीच म्हणतात, आणि ते ऐकलं की मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! आपलं पोर चारचौघांत लाडकं व्हावं, आणखी काय लागतं म्हातारीला?

मोठ्या बाई मला म्हणाल्या, "आजी, दोन शब्द बोला." मी म्हटलं, बाई, बोलता येतं हो, थांबता येत नाही. शाळा माझी चौथीत सुटली. हा कागद मी स्वतः लिहिलाय, अक्षर मोठं आहे, त्यामुळे पानं जास्त दिसतात, घाबरू नका. साहेब, तुम्हीसुद्धा घाबरू नका.

थांबता येत नाही हे माझं म्हणणं नव्हे, आमच्या यांचं. हे शिंपी. जन्मभर शिवणयंत्राचं पायडल मारलं, आणि त्या उजव्या पायाला अशी सवय लागली की दुकान बंद करून घरी आले, जेवायला बसले, तरी पाय आपला चालूच. त्यात माझं बोलणं लांबलं की आणखी जोरात. मी म्हणायची, "अहो, पाय हलवू नका, भांड्यातलं पाणी सांडतंय." हे म्हणायचे, "तू बोलणं थांबव, मी पाय थांबवतो." दोघांनीही जन्मात काही थांबवलं नाही.

आता भिंगरीकडे येते. अध्यक्षबाईंनी मघाशी सांगितलं की, लोकांनी देऊन टाकलेले जुने संगणक भिंगरीनं पुन्हा चालते केले, आणि आपलं केंद्र त्यांच्यावर उभं आहे. ते तिनं कसे केले हे मी जवळून बघितलंय. कारण त्यातला एक आमच्या जेवणाच्या टेबलावर पोट उघडून पडला होता आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

मी विचारलं, "काय चाललंय गं?"

"कर्नल बांधतेय, आजी."

"बांधतेस? काय गुन्हा केला बिचाऱ्यानं?"

मला वाटलं, मिशीवाला, मिलिटरीतला. ती हसून हसून वाकली. म्हणाली, "अगं, संगणकाच्या आतला मुख्य कारभारी, त्याला कर्नल म्हणतात. आणि त्याच्या हाताखाली ड्रायव्हर असतात."

"मग मिलिटरीतलाच की!"

मग तिनं मला नीट समजावलं. संगणकाला जी जी वस्तू जोडायची तिचा एकेक ड्रायव्हर लागतो. तो नसला तर वस्तू समोर असूनही कर्नलला दिसत नाही. पण ही मशीन म्हातारी, सगळे ड्रायव्हर पोटात घेतले तर उठायचीच नाहीत. म्हणून संगणक एकेकाचं नाव घेऊन विचारतो, हा हवा का? आणि आपण उत्तर द्यायचं. उत्तरं तीन. हो, नाही, आणि तिसरं एक होतं ते मला काही केल्या कळेना. शेवटी ती म्हणाली, "आजी, पाहुण्यांची गादी समज. 'हो' म्हणजे गादी कायमची खोलीच्या मधोमध पसरलेली. 'नाही' म्हणजे घरात गादीच नाही. आणि तिसरं म्हणजे गुंडाळून माळ्यावर टाकलेली. पाहुणा आला की काढायची."

बघा, इतकं सोपं करून सांगणारी ही मुलगी. माळा म्हटल्यावर मला सगळा कर्नल कळला.

तर असं विचारता विचारता शेवटी एक यादी आली. तिनं वाचून दाखवलं, "किरकोळ यूएसबी साधनं." ज्या वस्तू कुठेच बसत नाहीत त्या तिथे. आमच्या स्वयंपाकघरात तसा एक खण आहे, त्यात दोरा, मेणबत्तीचा तुकडा आणि कुठल्यातरी कुलपाची किल्ली असते. त्या यादीत खेळण्यातला मनोरा होता, ताप बघतात तसलं काहीतरी होतं, आकडे दाखवणारा दिवा होता. भिंगरी प्रत्येकाला नाही म्हणत चालली होती. आणि एकदम ओरडली, "आजी, हे ऐक! पाय हलवणं मोजायचं यंत्र!"

कुणीतरी शहाण्यानं पायाचा चाळा मोजायला यंत्र केलं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी ड्रायव्हर लिहिला! आम्ही हसतोय, आणि समोर हे बसलेत, पाय हलवत.

"आजोबा, तुमच्यासाठीच केलंय बघा."

हे म्हणाले, "मग हो म्हण. मला लागेल."

"कोण आणणार असलं इथे? आणि खाली लिहिलंय बघा, खात्री नसेल तर नाही म्हणा." आणि तिनं नाही म्हटलं.

"झालं! मोडीत काढलं मला," हे म्हणाले.

त्या दिवशी घरात जितकं हसू झालं तितकं पुन्हा झालं नाही.

कारण पुढे यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. तुम्ही सगळ्यांनी यांना इथे आपलं माणूस म्हणून सांभाळलं, ते मी विसरणार नाही. व्यायामताई सांगायच्या, "आजोबा, हलला नाही तरी पायाला आतून सांगत राहा." पण दिसत काहीच नाही, तर माणूस किती सांगणार? म्हणून ताईंनी डोकं लढवलं. कुठूनतरी ते पाय हलवणं मोजायचं यंत्र मिळवलं. स्वतःच्या टेबलावरच्या नव्या, विकतच्या संगणकाला लावलं, आपल्याच पायाला बांधून बघितलं. पाय हलला की पडद्यावर आकडा चढतो. ताई खूश! मग ते आणून, यांना रोज व्यायामाला आणायचो त्या इथल्या पलंगाजवळच्या संगणकाला जोडलं. तो संगणक आमच्या जेवणाच्या टेबलावरून आलेला.

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या कुणाच्याच आलं नाही. भिंगरी तेव्हा दुसऱ्या इमारतीत तारा ओढत होती, तिला कुणी विचारलं नाही. आणि त्या पडद्यानं 'मला यंत्र सापडत नाही' एवढं तरी म्हणावं की नाही? ते बावळट आपलं शून्य दाखवत बसलं.

हे डोळे मिटून जोर लावायचे. कपाळावरची शीर फुगायची, घामानं सदरा भिजायचा. मग डोळे उघडून पडद्याकडे बघायचे. शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शून्य. आठवड्यामागून आठवडे गेले असे. घरी एकदा मला चादर हलल्यासारखी वाटली. मी म्हटलं, "अहो, अंगठा हलला!" हे म्हणाले, "यंत्राला दिसत नाही, आणि तुला दिसतं होय? चष्मा पूस." मी पुसला. पुसल्यावर काही दिसेना. खात्री कुणाला होती?

मग यांनी जोर लावणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताई एक दिवस चिडल्या, यंत्र सोडवून स्वतःच्या पायाला बांधलं आणि म्हणाल्या, "आजोबा, असं! असं हलवायचं!" आणि चांगला दणादणा पाय हलवला. पडद्यावर शून्य.

हे म्हणाले, "ताई, तुमचाही गेला वाटतं."

खोलीतले सगळे हसले. आणि मग एकेक जण त्या संगणकाकडे बघायला लागला.

भिंगरीला बोलावलं. हातात तार तशीच घेऊन आली. पडद्याकडे बघितलं, दोनचार बटणं दाबली, आणि उभीच राहिली. इतकंच म्हणाली, "मी नाही म्हटलं होतं." त्याच दिवशी तिनं तो ड्रायव्हर माळ्यावर ठेवून दिला, म्हणजे तिसरं उत्तर दिलं. यंत्र चालायला लागलं. पण हे लागेनात. म्हणायचे, "आणि पुन्हा शून्य आलं तर?" मन वळवता वळवता पुष्कळ वेळ गेला. आता अंगठा हलतो. त्याच्या वरचं काही हललं नाही.

मोठ्या बाई, तुम्ही मला तेव्हा खरं सांगितलंत, त्याबद्दल तुमचे आभार मानते. तुम्ही म्हणालात, जे परत यायचं ते पुष्कळसं सुरुवातीलाच येतं. मी विचारलं, ते दिवस हातचे गेले नसते तर हे चालले असते का हो? तुम्ही म्हणालात, आजी, हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. हे उत्तर घेऊन मी रोज उठते. वाईट वाटतं. वाटत नाही असं सांगितलं तर इतक्या लोकांपुढे खोटं बोलल्यासारखं होईल.

चूक कुणाची, हे इथे कुणी विचारलं नाही. भिंगरीनं मात्र स्वतःला विचारलं आणि निकालही स्वतःच देऊन टाकला. घर सोडून खोली घेतली. यांची औषधं घेऊन येते, पण उंबऱ्यातूनच पिशवी देते. मी म्हणते, आत ये. "नको आजी, बस चुकेल." अगं, आपल्या गल्लीत बस येतच नाही! आत हे पडल्या पडल्या तिच्या चपलांचा आवाज ओळखतात.

"आली होती?"

"आली होती."

"गेली?"

"गेली."

सध्या आमच्या घरात एवढंच बोलणं होतं. आणि माझ्यासारखीच्या घरात एवढंच बोलणं म्हणजे काय, ते ओळखा.

तेव्हापासून भिंगरीनं कुठल्याच ड्रायव्हरला नाही म्हटलेलं नाही. नर्सबाई हसताहेत बघा! त्या मला सांगतात, आजी, तुमच्या नातीचे संगणक चालू करून आम्ही चहा पिऊन येतो, तरी उठलेले नसतात. आणि आता यंत्र सापडलं नाही तर पडदा लालभडक होतो आणि मोठ्या अक्षरांत तसं सांगतो. ते तिनंच केलं. पुढे येणाऱ्या कुणाच्या आजोबांना फुकटचं शून्य बघावं लागणार नाही. यासाठी तिचा सत्कार करताय ना? मग करा, जोरात टाळ्या वाजवा. माझीच नात आहे ती.

आता ती दूरच्या शहरात निघाली. तिथे म्हणे बंद खोलीत नुसती मोठमोठी मशीन असतात. मी विचारलं, "काम आवडतं का गं तसलं?" तर म्हणाली, "आजी, त्यांना कुणाचा पाय जोडलेला नसतो."

पोरी, जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. भिंगरी फिरणारच. पण तू आम्हाला त्या किरकोळ यादीत घालून नाही म्हणून निघालीस, ते मला मान्य नाही. कसं यायचं, काय बोलायचं, तुला खात्री नाही, ठाऊक आहे मला. यांनाही नाही. हो म्हणणं आता जड जात असेल तर राहू दे. ते तिसरं उत्तर दे. गुंडाळून माळ्यावर टाक आम्हा दोघांना. धूळ बसली तरी चालेल. लागेल तेव्हा काढ.

आणि आणखी एक गोष्ट, जी वॉर्डभाऊ सोडून इथे कुणाला माहीत नाही. त्यांनी यांना चाकांच्या खुर्चीतून मागच्या दारानं आणलंय. तिकडे, शेवटच्या खांबापाशी. मागे वळू नका हो सगळे, लाजतील. उजव्या पायातला मोजा मी मुद्दाम काढून ठेवायला सांगितलाय आणि चष्माही पुसून आलेय.

मला इथे बोलू दिलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. अडाणी बाईच्या तोंडून कुणाचा मान राहून गेला असेल, कर्नलांबद्दल काही वेडंवाकडं गेलं असेल, तर पोटात घाला. अजून दोन पानं उरलीत, पण मला थांबायला हवं. यांचा अंगठा हलायला लागलाय.

भिंगरी, पडद्यावर नाही गं. खाली उतर, आणि जवळ जाऊन बघ.