शेजारच्या जागेवरची बाटली

—नाही, खुर्ची ओढू नका. बोलायचं ते उभ्यानं बोला, डॉक्टर. ती खुर्ची मांजराची आहे, आणि मांजर इथलं तुमच्यापेक्षा जुनं गिऱ्हाईक आहे. काय म्हणालात? पिकअप घेत नाही? पुन्हा सांगा, वान्नालाही ऐकू दे — वान्ना, ते ग्लास पुसणं थांबव नि ऐक, बोलोन्याचे दातांचे डॉक्टर म्हणतायत की माझी गाडी — बरं बाबा, तुमची गाडी — जागेवरून उचलत नाही. पुलावरून निघाली की भक् करते, दबते, खेचरासारखी मान खाली घालते, आणि धोबीघाटाच्या वळणाला पोचेपर्यंत सायकलवाले पुढे जातात. एकदा वेग आला की मग उडते म्हणे. अहो, वेग आल्यावर काय, कुठलीही उडते. डोंगरावरून ढकलला तर माझ्या आतेभावाचा ट्रॅक्टरसुद्धा उडतो.

माझ्याकडे होती तेव्हा? माझ्याकडे होती तेव्हा ती जागेवरून अशी सुटायची की पुलावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नुसती काठी उरायची. पाद्रीबुवांना विचारा. ज्या वर्षी मी कप घेतला त्या वर्षी त्यांची टोपी उडाली ती खालच्या गावातल्या घंटेवर जाऊन बसली, आणि पुढचा आठवडाभर तिकडची घंटा सर्दी झाल्यासारखी वाजत होती. हसताय? हसा. दातवाल्यानं दात दाखवले म्हणजे फुकटची जाहिरात.

मेकॅनिकला दाखवलीत का? दाखवलीच असणार, तुमच्यासारखी माणसं आधी बिल करतात आणि मग विचार करतात. मोदेनाच्या म्हाताऱ्यानं नळीचं एक टोक कार्बोरेटरला नि दुसरं कानात घालून दोन्ही कार्बोरेटरांचा सुस्कारा एका सुरात आणला — आणलाच असणार, तो मेल्यावरही आणेल. दुसऱ्यानं जेट बदलले. तिसऱ्यानं प्लग काढून तुमच्या तोंडासमोर धरले आणि मान हलवली. आणि गाडी? भक्. करणारच. गाडीत काही बिघाड नाहीच, डॉक्टर. आहे ती गोष्ट वेगळीच, आणि ती मी सांगणार नाही. उद्या शर्यत. सगळा गाव पुलावर जमेल, तुम्ही तुमचे ते भोकाभोकांचे चामडी हातमोजे चढवून बसाल, झेंडा पडेल, भक् — आणि मी इथं बसून तो आवाज ऐकेन. गरमागरम तिजेल्ला-भाकरी खात ऐकेन. असं आणखी एक वर्ष झालं, दोन झाली, की तुम्हीच कंटाळून ही गाडी माझ्या दारात आणून सोडाल. सोडाच. झाकायची ताडपत्री मी अजून टाकलेली नाही. आणि एकदा गाडी दारात आली की ती पण — ते जाऊ दे.

एकटा होतो का? हा काय प्रश्न झाला? आमच्या शर्यतीत एकटं जाताच येत नाही, तुम्हाला नियमसुद्धा ठाऊक नाही? शेजारी एक माणूस लागतो. लाम्ब्रुस्को वाईनची उघडी बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, मांडीवर धरून बसायचं, आणि वर चौकात पोचल्यावर जितकी सांडली असेल तितका वेळ वाढवून लावतात. माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे हे, तेव्हा घोडागाड्या होत्या. आता सांगा, त्या माणसाला काय अक्कल लागते? बाटलीला बूड लागतं, बस. बक्षिसाच्या जेवणात मी उभा राहून तेच म्हणालो — कुणीतरी विचारलं, एर्मेते, शेजारी कोण होतं रे, मी म्हटलं, कोण असणार, बाटली. आणि बाटलीखाली बाटलीचं बूड. सगळं टेबल हसलं. पाद्रीबुवांच्या नाकातून सूप आलं. एकच माणूस हसला नाही. त्या माणसानं ती जिंकलेली बाटली उचलली, माझ्यासमोर ठेवली, एक थेंब न सांडता, आणि सकाळच्या बसनं रिमिनीला बहिणीकडे गेला. गेली. समुद्राची हवा मानवते तिला. गुडघ्यांना.

काय? काय नाव घेतलंत? दिर्चेचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं? वान्ना, तू? — मग कुणी? बायको आहे ती माझी. विकताना गाडीच्या कागदांबरोबर बायकोचं नाव दिलेलं मला आठवत नाही. आणि तिचा इथं काय संबंध? चोक? मी चोकबद्दल अवाक्षर तरी काढलं का? बरं, आहे चोकचं बटण शेजारच्या बाजूला, म्हणून ते काय तिच्या मालकीचं झालं? मूळची तार तुटली, आतेभावानं ट्रॅक्टरची घातली, ती माझ्या बाजूला पोचेना, म्हणून तिकडे भोक पाडलं, एवढीच हकीकत. झेंडा पडला की ते बटण बोटभर ओढायचं, इंजिननं दम धरला की सोडायचं. जास्त वेळ ठेवलं तर गुदमरते, लवकर सोडलं तर भक्. कधी सोडायचं? ते मला काय विचारता, मी गाडी चालवत होतो. ती डोळे मिटून घ्यायची. बाटली गुडघ्यांत, एक हात बटणावर, डोळे बंद, आणि ओठ असे, जशी काही गॅसवरच्या दुधाचा आवाज ऐकतेय. त्यात काय मोठंसं? कुणाचाही हात चालला असता.

चालला नाही, ते खरं आहे. पण चालायला हवा होता. भाच्याला बसवलं, त्यानं बटण उपटून हातात दिलं. मग शेजारी सिमेंटचं पोतं ठेवून बटणाला कपड्याचा चिमटा लावला. मग बटणाला दोरी बांधून ती दातांत धरली — हा बघा, हा वरचा, हा त्या दोरीबरोबर गेला. नको, हात लावू नका, मी दात दाखवायला आलेलो नाही, तुम्ही आलात. सगळं करून पाहिलं. भक्. रोज सकाळी, सगळ्या गावाच्या कानांवर, भक्. ऐकवेना, म्हणून विकली. आता कळलं? घ्या, मिळालं तुम्हाला हवं ते. त्याचा उपयोग काहीच नाही, हात कुठून आणणार?

काय म्हणता? उद्या जेवणाच्या वेळी सांगू? उभं राहून, सगळ्यांसमोर, की तो कप तिच्या हाताचा होता म्हणून? तुम्हाला पाठवलंय का कुणी हे विचारायला? ऐका, डॉक्टर. पाय माझा, गाडी माझी, कप माझा, आणि त्या चढावर मी एकटा होतो. पुन्हा सांगू? एकटा. ज्याला सांगायचं त्याला हेच सांगा.

बस, एवढंच विचारायचं होतं? मग टोपी चढवा नि निघा. आणि गाडी चर्चमागं का दडवलीत, चौकात काय जागा नव्हती? वान्ना म्हणते आत डोक्याला रुमाल बांधून कुणीतरी बसलंय. बायको का तुमची? तिला आत तरी बोलवायचंत, पाणी विचारलं असतं, आम्ही काही रानटी नाही. राहू दे. चर्चमागचा चढ पुलापेक्षा उभा आहे, तिथंच कळेल तुम्हाला गाडी कुणाची ते. निघा.

वान्ना, बाहेर ये. बघ कसा चाललाय, दाढ काढून आल्यासारखा. ये, मजा ऐक. दार लागलं. दुसरं नाही लागलं, म्हणजे बाई आतच बसलेली. चावी फिरवली. आता चढाला लागेल आणि भक्. आता बघ. आता. थांब, थंड आहे इंजिन, वळणाशी करेल. वळणाशी नक्की—

काही नाही. वळणही गेलं, भक् नाही. तू आत जा, वान्ना. आत जा म्हटलं ना.