पाजणाऱ्या हाताला नमस्कार

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. निर्मलावहिनी, तुम्हालाही.

मला सभेत बोलायची सवय नाही. बालवाडीत पोरांपुढं बोलते तेवढंच. त्यात आज ज्यांच्या शोकसभेत बोलायचंय, त्यांच्याबद्दल मी एके काळी काय काय बोलले होते हे या सातपुरात पुष्कळांना ठाऊक आहे. म्हणून मघाशी माझं नाव पुकारलं तेव्हा काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मी बघितलं ते. तुमचं चुकलं नाही.

भास्करशेठची परमिट रूम होती. माझे मिस्टर, सुधाकर, कंपनीत लेथवर होते. फर्स्ट शिफ्ट दुपारी सुटली की ते घरी यायच्या आधी भास्करशेठकडे जायचे. कित्येक वर्षं. मग मी या माणसाला चांगलं कशाला म्हणेन? एकदा भर दुपारी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आत गिऱ्हाईक बसलेलं होतं. सगळ्यांदेखत म्हणाले, "शेठ, माझी चूल विझवून तुमची पेटते. गोड लागतं का हो जेवण?"

ते गल्ल्यावरून उठून बाहेर आले. उलटं बोलले नाहीत. मान खाली घालून ऐकलं, आणि मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "ताई, ऊन आहे. रिक्षानं जा."

मला त्याचाही राग आला.

त्यानंतर काही महिन्यांनी एक गोष्ट झाली. त्यांच्याकडे बसून गेलेला एक तरुण टर्नर मोटरसायकलवरून निघाला, आणि त्र्यंबक रोडला सेकंड शिफ्टला येणाऱ्या एका सायकलवाल्याला त्यानं उडवलं. दोघंही गेले. भास्करशेठ दोन्ही घरी जाऊन आले. सायकलवाला घोटीकडचा होता. त्याच्या आईनं, पाहुणा आलाय म्हणून, पाण्याचा तांब्या पुढं केला. शेठनी पाणी घ्यायच्या आधी सांगितलं, त्या पोराला दारू मी दिली होती. म्हातारीनं तांब्या उचलला आणि आत निघून गेली.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, फार नंतर. म्हणाले, "तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

तेव्हापासून त्यांनी चाव्या घ्यायला सुरुवात केली. आत बसायचं तर गाडीची चावी गल्ल्यावर द्यायची. जाताना माणूस धड दिसला तर मिळायची, नाही तर रिक्षा. निम्मं गिऱ्हाईक तुटलं. लोक म्हणाले, शेठला वेड लागलं. सुधाकर मात्र तिथंच जात राहिले. सवय असते ना, बसायच्या जागेचीसुद्धा.

आता मी तुम्हाला त्या एका दिवसाचं सांगते.

आमची कल्पना तेव्हा आठवीत होती. शाळेत चित्रकलेची परीक्षा होती, उशिरा सुटणार होती. तिला स्कूटरवर घेऊन यायचं काम तिच्या बाबांकडं होतं. मी बालवाडी आवरत होते आणि दारात भास्करशेठ. घामाघूम. डावा गाल लाल.

म्हणाले, "ताई, सुधाकररावांना मी चावी दिली नाही. त्यांनी मला मारलं. ते सोडा. पण ते दुसऱ्या कोणाची मोटरसायकल घेऊन पोरीला आणायला निघालेत. तुम्ही माझ्यामागं बसा, आपण पुढं होऊ."

मी ओरडले त्यांच्यावर. "तुम्हीच पाजता आणि तुम्हीच सांगायला येता?"

"हो," ते म्हणाले. "मीच पाजली. बसा आता, नंतर बोला."

मी बसले. दारूवाल्याच्या स्कूटरवर, मागं. रस्त्यात ओळखीच्या बायका बघत होत्या. शाळेशी पोचलो तर कल्पना फाटकाशी उभी, तिचे बाबा आलेलेच नव्हते. तिला घेऊन मी रिक्षात बसले आणि भास्करशेठ स्कूटरवर पुढं, दोन्ही बाजू बघत चाललेले.

चौकात पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. तेव्हा ते फुंकायचं यंत्र नवीनच आलं होतं, बघायला माणसं गोळा व्हायची. रस्त्याच्या कडेला सुधाकर उभे होते. एक हवालदार त्यांच्या तोंडासमोर यंत्र धरून म्हणत होता, "जोरात फुंका. अजून. थांबू नका." आणि हे फुंकत होते. आजूबाजूचे हसत होते.

आमची रिक्षा सिग्नलला थांबली ती नेमकी तिथंच. त्यांनी मान वर केली आणि त्यांना कल्पना दिसली. कल्पनानं त्यांना पाहिलं. तिनं फक्त चित्रकलेची वही छातीशी धरली आणि दुसरीकडं बघायला लागली.

मी आजवर त्यांना शपथा घातल्या होत्या, उपास धरले होते. कशाचा उपयोग झाला नव्हता. पोरीनं तोंड फिरवलं, त्याचा झाला.

केस कोर्टात गेली. त्या दिवशी आमच्या घरचं कोणी बरोबर गेलं नाही. मीही नाही. भास्करशेठ गेले. दंड झाला, लायसन अडकलं. सुधाकरनी विचारलं, "शेठ, मी तुमच्यावर हात टाकला. तुम्ही कशाला आलात?" तर म्हणाले, "पाजायला मी, आणि उभं राहायला तुम्ही एकटे? असं कसं?"

मंडळी, इथं मला खोटं बोलायचं नाही. शोकसभेत माणसाला देव करायची आपल्याकडं रीत आहे. मी करणार नाही. माझ्या नवऱ्याची दारू सुटली नाही. ते पीत राहिले, आणि शेवटी लिव्हरनं गेले. पण त्या दिवसानंतर पिऊन कधी गाडीला हात लावला नाही. माझी मुलगी पुन्हा कधी रस्त्यावर त्यांच्या भरवशावर राहिली नाही. मला मिळालं ते एवढं. थोडं आहे का? कोणाला थोडं वाटेल.

सुधाकरच्या तेराव्याला भास्करशेठ आले होते. मी विचारलं, "शेठ, तुम्हाला इतकं कळतं, तर मग हा धंदा बंद का नाही करत?"

ते म्हणाले, "मी बंद केलं तर लोक समोरच्याकडं जातील. तिथं चावी कोण घेणार? असं मी मनाला सांगतो, ताई. ते खरं आहे, का नुसती माझी सोय आहे, मला आजपर्यंत कळलं नाही."

मलाही नाही कळलं. पण असं कबूल करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

कल्पनाचं लग्न ठरलं, वणीकडच्या घरात. भास्करशेठ आले. मांडवात बसले नाहीत, जेवले नाहीत. म्हणाले, "पाव्हण्यांना माझा धंदा कळला तर तुम्हाला कमीपणा नको." बाहेर गाड्या लावतात तिथं उभे राहिले.

दुपारी पाठवणीची वेळ झाली. मुलगी रडतेय, मी रडतेय, बँडवाले वाजवतायत. फुलांनी सजवलेली जीप दारात आली. भास्करशेठ ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले, वाकून त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि सरळ हात घालून जीप बंद केली. चावी काढून घेतली.

नवऱ्या मुलाचे काका धावून आले. "ए, कोण रे तू?"

"ड्रायव्हर प्यायलाय. ही गाडी पोरीला घेऊन जाणार नाही."

"थोडी घेतली आसंल. लग्न हे. तू कोण सांगनार? काय करतो तू?"

"दारू विकतो," भास्करशेठ म्हणाले. "म्हणूनच सांगतो. मला कळतं थोडी किती ते."

बँड थांबला. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. बाया हो, तुम्ही विचार करा. मुलीची आई, नवरा नाही, वरपक्ष खवळलेला, आणि पाठवणी अर्धी. माझ्या भावानं मला कानात सांगितलं, "मंदा, मिटव. हातात मुलगी दिलीय आपण." मी व्याह्यांसमोर हात जोडले. म्हणाले, "पाया पडते तुमच्या, पण कल्पना या जीपमध्ये बसणार नाही. तुम्ही रागवा. मी आयुष्यभर ऐकून घेईन."

मग जावई पुढं आले आणि भास्करशेठना म्हणाले, "काका, तुम्हाला येते का जीप?"

ती जीप वणीपर्यंत भास्करशेठनी चालवली. सासरच्यांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते तिथून एसटीनं परत आले. माझ्या विहीणबाई अजूनही सणावाराला तो दिवस काढून बोलतात. बोलू देत. कल्पना त्यांच्यासमोर बसून ऐकते, आणि ती ऐकायला आहे.

आता ती तिथं मागं बसली आहे, मुलाला मांडीवर घेऊन.

भास्करशेठ गेले ते सकाळी, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला त्यांच्याशी भांडायचं अजून राहिलं होतं. निर्मलावहिनी, तुमच्या घरातून एक माणूस गेला. माझ्या घरात तो कधी चहालासुद्धा आला नाही, मी बोलावलंच नाही कधी, तरी आज मला माझ्या घरातलंच कोणी गेल्यासारखं वाटतंय. याला काय म्हणतात, मला सांगता येत नाही.

ज्यांनी आज इथं यायच्या आधी थोडी घेतली आहे, त्यांनीही उभं राहावं. मी तोंड फिरवणार नाही. सगळेच दोन मिनिटं उभे राहू, घोटीच्या त्या माउलीच्या मुलासाठी, त्या टर्नर पोरासाठी, माझ्या सुधाकरसाठी आणि भास्करशेठसाठी. आणि नंतर बाहेर पडताना, ज्याला गरज असेल त्यानं लाजू नये. शेजारच्याला म्हणावं, मला घरी सोड.

उभे राहू या.